पायरीवरून ऐकलेली शाळा

दोस्तहो, मराठीत गावच्या शाळेवर जेवढं हसून झालंय तेवढं पाटलावरही झालेलं नाही. मास्तर आणि त्याचा वर्ग हे आपल्या विनोदी लेखकांचं हक्काचं रान. मास्तराची दुपारची डुलकी, मागच्या रांगेतला थोराड पोरगा, डिपोटी येणार म्हणून उडालेली धांदल, पोरांची उलटसुलट उत्तरं. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं साठच्या दशकापासून गावोगाव कथाकथन करीत हिंडले. मंडपच्या मंडप खदखदून हसले. त्या मंडपात मी पण होतो. मिरासदारांची 'व्यंकूची शिकवणी' ऐकून ज्याला हसू येत नाही त्याने आधी डॉक्टर गाठावा.

तेव्हा विनोद वाईट, हसणं बंद करा, असं सांगायला मी कागद काळे करत नाही. मला इतिहासाचा एक साधा प्रश्न विचारायचाय. हा विनोद सांगणारा माणूस शाळेत कुठं बसला होता? आत. सतरंजीवर, नाहीतर बाकावर. खिडकीतून त्याला चिंचेचं झाड दिसतं, गाढव दिसतं, पाण्याला चाललेली बाई दिसते. पायरीवर बसलेली चार पोरं मात्र दिसत नाहीत. ती खिडकीच्या खाली बसलेली असतात ना!

ती चार पोरं काही मुकी नव्हती. त्यांनीही शाळा पाहिली, खरं म्हणजे ऐकली, आणि घरी येऊन तीही पोट धरून हसली. त्या हसण्याचा इतिहास कुणी लिहिला? टीकाकारांनी आपल्या साहित्यावर मारायला तीन शिक्के केले: वेदना, विद्रोह, नकार. चौथ्या शिक्क्याला त्यांच्याकडे शाई उरली नाही. त्याचा परिणाम असा की आपली नवी पोरंही लिहायला बसली की आधी तोंड गंभीर करतात. आजीनं सांगितलेली गंमत वहीतून खोडतात आणि तिथं 'अंधार' हा शब्द घालतात.

आधी पंतोजीपासून सुरुवात करू. इंग्रज आल्यावरही बरीच वर्षं गावात पंतोजीचीच शाळा होती. देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर भरायची. फळीवर धूळ पसरायची आणि त्यात अक्षर काढायचं. मोडी वळण, पावकी, निमकी, पाउणकी, औटकी, आणि दिवेलागणीला परवचा. पंतोजीला पैसा कमी, शिधा जास्त. घरोघरचं धान्य, सणावाराची ओवाळणी. म्हणजे शाळेत येऊन खाण्याची पद्धत मास्तरापासूनच सुरू झालेली आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

जाता जाता एक गंमत. 'ओनामा' हा शब्द आपण वापरतो. तो आला 'ॐ नमः सिद्धम्' वरून. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी बौद्ध भिक्खू भारतात येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की इथली मुलं सहाव्या वर्षी 'सिद्धम्' नावाच्या मुळाक्षरांपासून शिकायला सुरुवात करतात. पंतोजीच्या ओसरीवर ज्यांना चढू दिलं नाही, त्यांनी पुढं बुद्धाचं बोट धरलं. आणि पंतोजी ज्या शब्दानं शाळा सुरू करत होता, तो शब्द बौद्धांच्या पाटीवर हजार वर्षं आधीच होता.

तर त्या ओसरीवर आपण नव्हतो. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढं १८५२ पासून महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. आणि बघा, शाळेत येऊन पोरं काय शिकली? १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीचा निबंध छापून आला. वय साधारण चौदा. तिनं मांगामहारांचं दुःख लिहिलं हे सगळेच सांगतात. पण तिची युक्तिवादाची तऱ्हा बघा. वेद फक्त ब्राह्मणांचे, असं ब्राह्मणच म्हणतात ना? मग आम्हांला ग्रंथ नाही. ग्रंथ नाही म्हणजे धर्मही नाही. तर देवा, आमचा धर्म कोणता ते तरी सांग! समोरच्याचंच वाक्य उचलून त्याच्याच पायात अडकवायचं, हा अस्सल बतावणीतला डाव आहे. तीन वर्षांच्या शाळेनं चौदा वर्षांच्या पोरीला एवढी जीभ दिली. त्या निबंधावर आपण रडतो. तिला हसूसुद्धा येत असेल, हे कुणाच्या मनात येत नाही.

जोतीरावांनी १८६९ साली 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पवाडा लिहिला. शाळेच्या वर्गावरचं मराठीतलं एवढं जुनं आणि एवढं झोंबणारं विडंबन दुसरं मला माहीत नाही. मास्तर आपल्या जातीच्या पोराशी कसा बोलतो आणि शूद्राच्या पोराशी कसा, हे त्यांनी समोरासमोर ठेवलं. मराठी विनोदाच्या इतिहासात कुठं दिसतो का हा पवाडा? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सुरुवात करतात मंडळी. पुढं १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी लेखी सांगितलं की प्राथमिक शाळेचे मास्तर शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगर नाहीतर सुताराचा वाकस हातात धरणारे असावेत. विनोदी कथेतला मास्तर धोतराचा सोगा सावरत चिखलातून जातो आणि आपण हसतो. जोतीरावांना त्यात हसू आलं नाही, त्यांनी त्यावर उपाय लिहून दिला.

सरकारचं काय? १८५६ साली धारवाडला एका महाराच्या पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारला न्याय कळत नव्हता असं नाही. पण हिशेब असा मांडला की एका पोराला आत घेतलं तर बाकीची पोरं निघून जातील, शाळाच ओस पडेल. एकासाठी बहुतांची शाळा मोडता येत नाही. वरच्या इंग्रज साहेबांनी या निर्णयावर नापसंती दाखवली, पुढं सरकारी पैशाच्या शाळा सर्वांना मोकळ्या असंही ठरलं. कागदावर. धारवाडच्या त्या पोराचं नाव कुणी ध्यानात ठेवलं नाही. हा 'एक पोर' वाला हिशेब मात्र मनात ठेवा.

कागदावर शाळा उघडली आणि प्रत्यक्षात आपण पायरीपर्यंत पोचलो. इथून माझ्या आज्जाच्या गोष्टी सुरू होतात.

माझा आज्जा साताऱ्याकडच्या एका गावात शाळेला गेला, साधारण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात. तो आणि अजून तिघं, महारवाड्यातली चौघं, पायरीवर. मास्तर आत. मास्तराला शिवता येत नाही, पण मारायचं तर आहे. मग तो छडी फेकून मारायचा. आता फेकलेली आणि महाराच्या पोराला लागलेली छडी परत हातात कशी धरणार? त्यामुळं ती पोरांचीच व्हायची. आज्जा सांगायचा, "वर्साला धा-बारा छड्या पडायच्या आमच्या पदरात. तुझी पणजी त्येच्यावर भाकरी भाजायची. मास्तर लई दानशूर!" सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते हसण्याचं.

दुसरी गोष्ट पाटीची. मास्तर पाटी हातात घेत नसे. उंबऱ्याच्या आतून हुकूम, "पाटी वर धर." पोरांनी ओळखलं की मास्तराला लांबचं नीट दिसत नाही. मग चौघांत जो हुशार त्यानं गणित करायचं आणि तीच पाटी बसल्याजागी खालून हातोहात सरकवायची. एका पाटीवर चौघं पास. शिवाशिव नसती तर असली कॉपी करायला जमली असती का? आज्जाचं म्हणणं होतं की मनूनं सगळ्या बाजूंनी इचार केला, पण पाटीचा इचार केला न्हाई.

तिसरी गोष्ट डिपोटीची. डिपोटी म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, शाळा तपासायला येणारा. त्याच्या आदल्या दिवशी शाळा सारवायला आज्जाची आय जायची. म्हणजे बघा, सारवण तिच्या हातचं चालत होतं. सारवून वाळलं की त्यावर तिच्या पोराचा पाय चालत नव्हता. आणि डिपोटीला पाटलाच्या वाड्यात पुरणपोळीचं जेवण. त्या वर्षीचा डिपोटी जरा वेगळा निघाला. त्यानं पायरीवरच्या पोरांना आत बोलावलं, पुस्तक दिलं, म्हणाला, वाच. आज्जानं धडा खडाखडा म्हणून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही. डिपोटी खूश झाला, जवळ आला आणि बघतो तर पुस्तक उलटं!

वर्ग हसला, मास्तर हसला, डिपोटीही हसला असं आज्जा सांगायचा. तोही हसायचा. खिडकीखाली बसून सगळी बुकं त्यानं कानानं शिकलेली होती. फळा त्याला कधी दिसलाच नव्हता. म्हातारपणी त्याला मराठी तिसरीपर्यंतच्या कविता तोंडपाठ होत्या, दिडकी-औटकी धडाधड यायची, बाजारात बनियाला तो हिशेबात हरवायचा. आणि मरेपर्यंत अंगठा लावायचा. सही नव्हती येत.

दोस्तहो, 'पुस्तक उलटं' ही गंमत कथाकथनात शोभेल अशीच आहे. आत बसलेल्यानं सांगितली तर ती एका ढ पोराची गोष्ट होते. आज्जानं सांगितली की ती एका खिडकीच्या उंचीची गोष्ट होते.

बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेचं लिहून ठेवलंय ते तुम्ही वाचलंय. बसायला स्वतःचं गोणपाट, ते संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावत नव्हता. आणि शिपाई असेल तरच पाणी. मी ते पुन्हा सांगत नाही. मला एवढंच म्हणायचंय की तिथंही बाबासाहेब रडत नाहीत. सारा प्रसंग ते एका छोट्या वाक्यात आवळतात, सरकारी नियमासारख्या कोरड्या आवाजात. त्या कोरडेपणात जो उपहास आहे तो आपण ओळखायला शिकलं पाहिजे.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. इंग्रज मुलखात १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला, पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या. ठराव पास होणं आणि पोर आत बसणं यांच्यात किती वर्षं गेली ते चवदार तळ्याला विचारा.

ही वर्षं कुणी भरून काढली? जलशांनी. सत्यशोधक जलशांची परंपरा होतीच. १९३० नंतर नाशिककडच्या भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला, मग जिल्ह्याजिल्ह्यात फड निघाले. मेलेलं ढोर ओढू नका, येसकरकी सोडा, पोर शाळेत घाला. ह्या गोष्टी भाषणात सांगितल्या तर लोक जांभया देतात. जलशात त्या सोंगाड्यानं सांगितल्या. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या जलसेकऱ्यानं मला एक बतावणी करून दाखवली होती. वही नाही, सगळं तोंडी. मला आठवते तशी लिहितो.

सोंगाड्या म्हणतो, मास्तर, पोराला शाळेत घ्या.
मास्तर म्हणतो, शाळा बाटंल रे.
बरं, ऱ्हायलं. मास्तर, तुमचा पगार कुठनं येतो?
सरकारातनं.
सरकारात कुठनं येतो?
रयतेच्या शेतसाऱ्यातनं.
गावचा सारा तालुक्याला डोक्यावर कोण नेतो?
महार नेतो.
आरं तिच्या! म्हंजी मास्तर, म्हैन्याच्या म्हैन्याला तुमचा पगार बाटूनच येतोय की!

एवढ्यावर, तो म्हातारा सांगत होता, तमाशाबिमाशा विसरून पब्लिक उठून उभं राहायचं. यात खोटं काय आहे? सरकारी भरणा तालुक्याला पोचवणं हे महाराच्या वतनी कामातलंच काम. वेठबिगारीचा हा तपशील पुस्तकात रूक्ष वाटतो. सोंगाड्यानं त्याचा डाव केला आणि तो बायाबापड्यांच्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी चार पोरं शाळेच्या दारात उभी. विनोदानं दार उघडतं ते असं.

मधल्या 'मूलोद्योग' शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. १९३७ च्या वर्धा योजनेनंतर शाळाशाळांत टकळी आली, पोरांनी सूत कातायचं, दोर वळायचे, हातानं काम करत शिकायचं. वरच्या घरातल्या पोराला त्यात मौज वाटली असेल. मांगवाड्यातलं पोर दोर वळायचं सुटावं म्हणून शाळेत आलं, आणि मास्तर म्हणतो, चल, दोर वळ. याहून मोठा विनोद कुठला विनोदी लेखक लिहिणार?

आता हजेरीपटाकडं येतो, कारण माझ्या मते आपल्या गावच्या शाळेतलं सगळ्यात मोठं विनोदी पुस्तक हेच. जन्मतारखेचा रकाना काढा. १ जून, १ जून, १ जून. आई सांगणार, "पोर आकाडात झालं, लई पाऊस व्हता." गुरुजी आकाड लिहिणार कुठं? शाळा जूनमध्ये उघडते, पोराला सहा वर्षं पुरी करायची, मग लिहा १ जून. आमच्या वस्तीत मी, माझे दोन भाऊ आणि शेजारची पाच पोरं, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. हे फक्त आपलंच नाही, सगळ्या बहुजन महाराष्ट्राचं आहे. म्हणून ३१ मे आला की सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. ज्यांच्या घरी पंचांग होतं, कुंडली होती, त्यांना जन्मतारीख होती. आम्हांला गुरुजींनी जन्माला घातलं.

नावाचा रकाना त्याहून भारी. जुने पट बघायला मिळाले तर बघा. आमच्या शाळेचा एक जुना पट उंदरांनी अर्धा खाल्लेला होता, उरलेला मी वाचला. कचऱ्या, धोंड्या, दगड्या, उकिरड्या. मूल जगत नाही म्हणून दृष्ट लागू नये अशी नावं ठेवत, आणि ती सगळ्याच जातींत होती. पण पाटलाच्या घरचा दगडू पटावर 'दगडूजीराव' व्हायचा आणि आमचा 'दगड्या' राहायचा.

मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. नागपूरला दीक्षा झाली, आणि पाचसहा वर्षांत पटावरची शाई बदलली. जून उघडला की गुरुजी नाव विचारणार आणि बापय छाती काढून सांगणार: सिद्धार्थ. मिलिंद. गौतम. राहुल. पोरगी असली तर सुजाता. आमच्या गुरुजींची हजेरी घेताना दातखीळ बसायची. 'कचऱ्या' म्हणायला सोपं होतं, ओरडून म्हणता येत होतं. 'सिद्धार्थ' हे नाव हिडीसफिडीस करून म्हणताच येत नाही, करून बघा. जोडाक्षरं आड येतात. माझ्या एका मित्राचा बाप दगड्या आणि मुलगा मिलिंद. गुरुजी संतापून म्हणाले, "दगडाच्या पोटी मिलिंद कसा?" तर पोरगं म्हणालं, "गुरुजी, लेणी दगडातच असत्यात." पाच छड्या मिळाल्या. पण त्या आता हातात धरून मारलेल्या होत्या, फेकून नव्हत्या. आमच्या आज्जाच्या हिशेबानं ही प्रगती.

जातीच्या रकान्याचा तमाशा मात्र निराळा. घरात बुद्धवंदना, भिंतीवर बाबासाहेब, आणि दाखल्यावर 'हिंदू महार'. पोर म्हणतं बौद्ध, गुरुजी म्हणतात, शिष्यवृत्ती पाहिजे का धर्म पाहिजे? महाराष्ट्र राज्यानं नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, केंद्रानं मात्र बौद्धांना अनुसूचित जातींत धरायला १९९० साल उजाडू दिलं. मधली चौतीस वर्षं आमच्या लोकांनी 'पूर्वाश्रमीचे' हा शब्द सांभाळून वापरला. संन्याशाला पूर्वाश्रम असतो असं ऐकून होतो. आमच्या वस्तीत सहा वर्षांचं शेंबडं पोरसुद्धा पूर्वाश्रमीचं होतं!

साहित्याकडं परत वळतो, कारण एक योगायोग मला कधीपासून सांगायचा आहे. आटपाडीचा परिसर, तेव्हाचं औंध संस्थान. त्याच मातीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले आणि शेजारच्या माडगुळ्यात १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर. एकाच मुलखातली शाळा दोघांच्या लिखाणात आली. 'बनगरवाडी' १९५५ ची, धनगरांच्या वाडीवर आलेल्या कोवळ्या मास्तराची. 'तराळ अंतराळ' १९८१ चं, तराळकी करणाऱ्या बापाच्या पोराचं, जो पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्ष बघा: १९८३ ला अंबाजोगाईला माडगूळकर, १९८४ ला जळगावला खरात, १९८५ ला नांदेडला शंकर पाटील. लागोपाठ तीन वर्षं गावच्या मातीतली माणसं. माडगूळकर थोर लेखक, 'झेल्या' वाचून माझ्या पोटात आजही कालवतं, 'माणदेशी माणसं'त त्यांनी गणा महारही लिहिला. पण बनगरवाडीचा मास्तर शाळेत पोरं यावीत म्हणून वाडीची मनधरणी करतो, आणि त्याच काळात त्याच मुलखात तराळाचं पोर शाळेत बसू द्या म्हणून मनधरणी करतंय. एका मास्तराला पोरं मिळत नाहीत, एका पोराला शाळा मिळत नाही. ही दोन पुस्तकं एकाशेजारी एक ठेवून वाचा, मग कळेल 'ग्रामीण' आणि 'दलित' या दोन शब्दांमधला उंबरा.

आणि आपली पुस्तकं वाचताना हसायला लाजू नका. अण्णा भाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसाची, हे तुम्ही भाषणात हळहळून सांगता. ज्याची शाळा दीड दिवसाची त्याच्या लोकनाट्यांनी कामगार वस्त्या हसवून सोडल्या, हेही सांगा. 'बलुतं' १९७८ चं, 'आठवणींचे पक्षी' १९७९ चं, 'उपरा' १९८० चं. या पुस्तकांत शाळा जागोजाग आहे, आणि स्वतःवर हसण्याची धमकही आहे. सदाशिवपेठी वाचकाला तिथं फक्त हुंदका ऐकू आला. त्याच्या कानाचा दोष.

हे सगळं आज कशाला उकरतोय? कारण आज गावच्या शाळेवरचा विनोद पुन्हा जोरात आहे. आता शाळेत आपली पोरं आत बसतात, पहिल्या बाकावर बसतात. मग विनोद बदलला. 'खिचडीची शाळा.' 'ढकलपास.' 'खायला येतात, शिकायला नाही.' १९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना आली, आधी घरी तांदूळ मिळायचा, २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं. पंतोजीच्या शिध्यावर कुणी हसलं होतं का? डिपोटीच्या पुरणपोळीवर? आमच्या पोरानं ताटली पुढं केली आणि सगळ्या महाराष्ट्राला विनोद सुचला. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात २०२१ साली शाळेत दलित बाईनं शिजवलेलं सवर्णांची पोरं खाईनात. तिला काढून सवर्ण बाई आणली, तर दलित पोरांनी ताटल्या बाजूला सारल्या, म्हणाली, तिच्या हातचं चालत नाही तर आम्हांला हिच्या हातचं चालत नाही. आमच्या जलसेकऱ्यानं हे ऐकलं असतं तर त्यानं एका रात्रीत बतावणी बांधली असती.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, २०१० पासून लागू. छडी कायद्यानं गेली. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरात असावी असा नियम झाला. पण हसण्याचं काम तोवर पुरं झालेलं होतं. ज्यांची ऐपत होती त्यांनी हसत हसत पोरं पिवळ्या गाडीत बसवली आणि इंग्रजी शाळेला धाडली. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिली ती आपली, भटक्यांची, ऊसतोड्यांची पोरं. पट घसरला. मग २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळेत जोडायचं सरकारनं जाहीर केलं. २०२३ ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची 'समूह शाळा' करायचा विचार पुढं आला. १८५६ साली एका पोरासाठी शाळा मोडता येत नव्हती. आता नऊ पोरांसाठी शाळा चालवता येत नाही. आपण मोजणीत कधी बसणार, हे गणित औटकीत पण नाही.

मी राहतो त्याच्या शेजारच्या वाडीत अशी एक शाळा होती. पट नऊ. खिचडी शिजवायला आपल्यातलीच एक म्हातारी, कधी शाळेत न गेलेली. पट मोजायला साहेब आले. त्यांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली, वहीत नऊ लिहिलं आणि म्हणाले, "एक जरी जास्त असतं तरी बघता आलं असतं."

म्हातारीनं पळी खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"सायेब, एकच कमी पडतंय न्हवं? मग माजं नाव लिवा पटावर. जलमतारीख एक जून लावा."

साहेब मनापासून हसले. खिचडी खाऊन गेले. त्याच जूनला शाळा जोडली, ओढ्यापलीकडच्या गावाला, तीन किलोमीटरवर.